ड्यूटीवरचं पोट

अणुस्कुरा घाटात पुढं दरड, मागं दरड. मधे बस अडकली, त्याला दुसरा दिवस उजाडला. वरच्या वाडीतल्या लोकांनी चिखल तुडवत पिठलं-भाकरी आणून दिली. सगळे प्रवासी जेवले. कंडक्टर नंदा गुरव मात्र भाकरी हातात धरून पायरीवर बसून राहिली.

"खा की गं पोरी," पुढच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या.

"कालचा वडापावच अजून जिथल्या तिथं आहे, मावशी." नंदानं बरगडीखाली हात ठेवला. तिथं कातडीखाली बटणाएवढं यंत्र होतं. आतड्यांना ठेका धरून देणाऱ्या पेशींना ते ड्यूटीभर गप्प बसवायचं. पेशी गप्प झाल्या की आतडी हलत नाहीत, खाल्लेलं पुढं सरकत नाही. ड्यूटी संपली की डेपोतून ठेका पुन्हा सुरू व्हायचा.

तिनं पुन्हा डेपोला फोन लावला. "साहेब, पोट दगडासारखं झालंय. माझी ड्यूटी बंद करा."

"गाडी फाटकातून आत आल्याशिवाय ड्यूटी बंद होत नाही, बाई. सिस्टीमच तशी आहे."

फोन ठेवताच तिला कोरडी ओकारी आली. मावशी तिची पाठ चोळायला लागल्या. "असलं भलतंसलतं बसवून तरी कशाला घेतलंस?"

"आम्ही बायकांनी मोर्चा काढला होता, मावशी," नंदा धापा टाकत म्हणाली. "प्रत्येक स्टँडवर संडास बांधा म्हणून. त्यांनी हे दिलं."