त्या एका बहिणीसाठी

"प्रभू, त्या बहिणीच्या मनातला कडूपणा काढून टाक," कातरबाई डोळे मिटून म्हणाल्या. "अगदी मुळासकट काढ."

बाकीच्या बायका हळूच आमेन म्हणाल्या. बुधवारची दुपार होती. घरातल्याच शिवणाच्या खोलीत मशीनवर चादरी टाकल्या होत्या. दोरीवर अर्धवट शिवलेले झगे लोंबत होते, आणि त्यांच्यातून झिरपणारं ऊन मिटलेल्या पापण्यांवर कधी निळं, कधी गुलाबी होऊन उतरत होतं. कातरबाईंना ही वेळ फार आवडायची. डोळे मिटले की खोली पाण्यावर तरंगल्यासारखी वाटे, आणि धुक्यातल्या एका रस्त्यावर ती बहीण दिसे. पाठमोरी. चेहरा काही दिसायचा नाही.

विनंती वाचून दाखवली होती चर्चच्या पाळकांच्या पत्नीने. सगळ्या त्यांना मावशी म्हणत. एका बहिणीच्या मनात कडूपणा साठलाय, त्यापायी एक घर मोडायला आलंय, प्रार्थना करा. नाव नव्हतं. अशा विनंतीत नाव नसतंच. पण कातरबाईंना नाव हवं कशाला? त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. समोरच्या बेकरीवाल्याची बायको, दुसरी कोण असणार! तेव्हापासून दर बुधवारी त्या इतक्या कळकळीने प्रार्थना करत की त्यांच्याच डोळ्यांना धार लागे.

कातरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लोक पाठीमागे म्हणत, ते त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना वाटायचं, शिवणाच्या धंद्यामुळे म्हणतात. जिभेला हाड नव्हतं बाईंच्या. मुलगा नदीपलीकडे दोन खोल्या बघून आला, आणि सून म्हणाली, थोडं थांबू. तेव्हा भरल्या ताटावर कातरबाई बोलून गेल्या होत्या की आयतं मिळतंय ते सोडवतंय कुणाला. सून मुकाट्याने ताटं उचलू लागली. ती कधीच काही बोलायची नाही. प्रार्थनेलाही दाराजवळच्या स्टुलावर मान खाली घालून बसायची.

त्या बुधवारी चहा झाला, बायका पांगल्या, आणि निघता निघता मावशींनी कातरबाईंचा हात हातात घेतला. सुनेनं कुणासाठी तरी विनंती आणावी आणि सासूनं तिच्यासाठी रडावं, अशी घरं फार थोडी, असं म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. मावशींना वाटलं होतं, विनंती सुनेची हे सासूला ठाऊकच असेल.

कातरबाई मशीनवर येऊन बसल्या. विनंती सुनेनं दिलेली, म्हणजे मोडायला आलेलं घर हेच! तळपायाची आग मस्तकात गेली होती. लेकी बोले सुने लागे हे त्यांनी ऐकलं होतं, पण ही पोरगी तर देवाला सांगून सासूला टोचत होती! चार बायकांत अब्रू घालवली. येऊ दे आत, चांगली सुनावते. त्यांनी रागाने डोळे गच्च मिटले.

आणि तो रस्ता दिसला, तेच धुकं दिसलं. पाठमोरी बाई आज थांबली. सावकाश वळली. चेहरा कातरबाईंचाच होता. शिवताना धरतात तशा ओठांत टाचण्या धरल्या होत्या, एका ओळीत. ती कुणाला तरी हाक मारू बघत होती, आणि जवळ कुणी थांबत नव्हतं.

कातरबाईंनी डोळे उघडले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मग त्यांना रडू आलं. बेकरीवालीसाठी यायचं तसलं नव्हे, खरंखुरं.

पुढचे दिवस झोपेत चालावं तसे गेले. तोंडाशी आलेला शब्द त्या गिळत, तोवर दुसरा हजर. आपल्यापाशी एवढा साठा होता याचं त्यांनाच नवल वाटे. मुलाने दोनदा विचारलं, आई, बरं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, बरं वाटावं म्हणूनच चाललंय.

शनिवारी सुनेनं गिऱ्हाइकाच्या कोटाला डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे जोडली. लक्षात आलं तशी ती कोट घेऊन समोर येऊन उभी राहिली, आता काय ऐकावं लागतंय अशी. डोळे माहेरी ठेवून आलीस का, हे वाक्य कातरबाईंच्या जिभेवर अगदी तयार होतं. त्यांनी ते जाऊ दिलं. बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाल्या, बस, दोघी मिळून उसवू.

एक बाही हिने घेतली, दुसरी त्यांनी. धागे सुटत होते. उन्हात कापडाचे बारीक तंतू तरंगत होते, आणि खोलीत कुणी बोलत नसूनही बरं वाटत होतं.  मुलगा आणि सून घर सोडून गेले तर या खोलीत फक्त मशीनचा आवाज उरणार, हे कातरबाईंना आता लख्ख कळत होतं. शेवटी त्या कोटाकडे बघतच बोलल्या.

"मला कळलंय गं. ती बहीण मीच. तू विनंती दिलीस ते बरंच केलंस, माझा राग नाही. फक्त सोडून जाऊ नका."

सुनेचा हात थांबला. तिने बाही मांडीवर ठेवली.

"आई, मी तुमच्यासाठी नव्हती दिली विनंती," ती म्हणाली. "ती बहीण मी आहे. वरून गप्प असायचे, पण मनातल्या मनात तुम्हाला शिव्याशाप द्यायचे. दर आठवड्याला ठरवायचे, आता बास, आणि बॅग भरायचे. मग बुधवार यायचा. कुणासाठी रडताय ते तुम्हाला ठाऊक नसायचं, पण मला ठाऊक असायचं, आणि मी आत जाऊन बॅग पुन्हा रिकामी करायचे."