वजनापुरता बोंडा

आड्याला टांगलेल्या काट्याखाली सुमी झोळीत लोंबत होती. काटा थरथरला आणि थांबला.

"निघाली!" रजनी मॅडम म्हणाल्या. सौंसरहून तपासणीला आलेल्या या सुपरवायझर बाईंनी सुमीच्या कार्डावर शाईचा ठिपका दिला. गेल्या महिन्याचा ठिपका लाल, म्हणजे अतिकुपोषित पोरांच्या पट्ट्यात होता. आजचा पट्ट्याच्या वर. "आता हिला डबल दलिया बंद. बाकी पोरांसारखी एकच वाटी."

वस्तीतली ही अंगणवाडी कुसुमची. तिनं सुमीला झोळीतून काढून कडेवर घेतलं. पोरीचं पोट मडक्यासारखं टणक लागलं. ओठांवर तेल चमकत होतं. मॅडमचं लक्ष जायच्या आत कुसुमनं ते पदरानं पुसलं.

काल संध्याकाळी हापशीवर ती सुमीच्या आईला, वत्सलाला, म्हणाली होती, "उद्या पोरीले पोट भरून आणजो वं. मॅडम येऊन राहिल्या." एवढंच. मागच्या मीटिंगमध्ये सगळ्या बायांसमोर मॅडमनी विचारलं होतं, लाल पट्ट्यातलं पोर कुसुमबाईंकडेच कसं काय? ठिपका आणखी खाली जाऊ नये, एवढीच कुसुमची इच्छा होती. तो पट्टाच ओलांडेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

वत्सला दाराशी उभी होती. आज तिनं कापसाच्या वेचणीचा खाडा केला होता. हातात दलियाचा मोठा डबा होता, नेहमीचाच.

मॅडमनी पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि सोडून वर धरली. "हे काय आहे?"

"आलूबोंडा!" पोरं एका सुरात ओरडली.

"दाखवूनच राहिल्या का मॅडम, का देता बी?" भिंतीला टेकलेली म्हातारी केसरबाई म्हणाली. बाया हसल्या.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बोंडा कागदावर ठेवून तळहातानं दाबला. कागदावर तेलाचा डाग पसरत गेला. "पाहा. हे तेल. आत आलू. वरून बेसनाचा पापुद्रा, म्हणजे डाळ किती? चिमूटभर. दूध नाही, भाजी नाही. पोट फुगतं, पण अंगाला काही लागत नाही. त्यापेक्षा मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा द्या."

"पण चव नाई ना त्याले," मागून कोणीतरी म्हणालं.

पोरांचे हात बोंड्याकडे लांबले होते. मॅडमनी तो त्यांच्या डोक्यावरून सुमीपुढे धरला. "आज हिनं वजन वाढवलं. घे, एक घास तुला."

सुमीनं तोंड फिरवलं आणि कुसुमच्या खांद्यात खुपसलं. "नाई. अजून नको."

"अजून?" मॅडमचा हात तसाच राहिला.

"सकाळी फाट्यावर चारला ना तिले," केसरबाई म्हणाली. "म्या पाह्यलं. पोरगी नाई नाई म्हणे, अन् वत्सी कोंबून राहिली होती."

बाया पुन्हा हसल्या, पण या वेळी तोंडावर पदर धरून.

"वजनाच्या दिवशी?" मॅडम वत्सलाकडे वळल्या. "लेकराच्या नरड्यात बोंडे कोंबून काट्याला फसवतेस? लाज नाही वाटत?"

वत्सलानं एकदा कुसुमकडे पाहिलं. मग डब्याच्या झाकणाकडे. "भाकर जास्ती खात नाई जी ते," ती म्हणाली. "बोंडा खाते."

"कुसुमबाई, तुम्ही या बायांना काही सांगत नाही का?"

सगळ्यांच्या नजरा कुसुमवर आल्या. एका वाक्याचं काम होतं. उद्या सकाळी पोरीला पुन्हा झोळीत घालता आलं असतं, आजचा ठिपका खोडता आला असता. सुमीचा श्वास तिच्या मानेला लागत होता. त्याला तळणाचा वास होता.

"सांगते ना, मॅडम," कुसुम म्हणाली. "ऐकत नाहीत."

वत्सलानं मान खाली घातली, जणू ते तिला कबूलच होतं.

"असो. शाईनं लिहिलं ते लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "काटा दाखवतो तेच धरायचं." आणि कागदात चेंदलेला बोंडा त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीत टाकला. पोरांची नजर त्याच्यामागे गेली.

दलिया वाटताना वत्सला ओळीत शेवटी आली. तिनं डबा पुढे केला. कुसुमनं एक वाटी ओतली. डब्याचा तळ जेमतेम झाकला. सवयीनं तिनं दुसरी वाटी भरून उचलली. मॅडम दारात उभ्या राहून बस यायची वाट पाहत होत्या. कुसुमनं वाटी पातेल्यात परत रिकामी केली.

वत्सला झाकण लावत नव्हती. मागं कोणी नाही हे पाहून ती पुढे वाकली. तिच्या आवाजात टोमणा असता तर कुसुमला तो सोसला असता.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "पुढच्या महिन्यात उपाशी आणू का हिले?"