उस्तादांचा कान

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि मिस्त्रीने वर खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत काकू उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पलंगाकडे पाहिलं आणि मग बाहेर वाकून एक बोट वर केलं. म्हणजे उस्तादांनी बोट वर केलंय, अजून एकदा पिळायची. मिस्त्रीने मूठ पिळली. चिमुकलं इंजिन आधी कुरकुरलं आणि मग असं किंचाळलं, की समोरच्या बाईने खिडकी लावून घेतली. अंगणभर निळसर धूर झाला.

पाच महिने रोज सकाळी साडेसातला हे असंच चाललं होतं. उस्तादांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हाताने ते पाटीवर वेडीवाकडी अक्षरं काढत, पण काकू शब्द पुरा होऊ देतील तर शपथ. ‘पा’ लिहिलं की पाणी हजर. माणूस कशात तरी गुंतलेला राहिला पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. उस्ताद जन्मभर एकाच गोष्टीत गुंतले होते, आणि ती खाली अंगणात उभी होती.

गाडी तशी लहानखुरी. कारखान्याने आपल्या शर्यतीच्या गाडीवरून बेतलेली, टू-स्ट्रोक, खाली वाकवलेलं हँडल, पाय मागे घेऊन टाकीवर पोट टेकून बसायचं. हळू चालवली की रुसायची, पिळली की उडायची. तो कारखाना केव्हाच बंद पडला होता. काकू तिला लग्नापासून ‘सवत’ म्हणत. आता मात्र सवतीची धूळ रोज त्याच पुसत होत्या.

उस्तादांच्या कानाची तर ख्यातीच होती. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ते इंजिनाच्या पोटातलं दुखणं सांगायचे. रस्त्यावरून गाडी नुसती गेली तरी जेवता जेवता म्हणायचे, “कार्बोरेटर घाण झालाय त्याचा.” मिस्त्री त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचेही केस पिकले होते, तरी उस्तादांच्या गाडीला हात लावताना त्याला घाम फुटायचा.

आणि नेमकं त्याच्याच हातून नको ते झालं. या गाडीचं ऑइल पेट्रोलमध्ये हाताने मिसळावं लागे. उस्तादांनी त्याला शिकवलेला हा पहिला धडा. एका सकाळी घाईघाईत त्याने टाकीत नुसतं पेट्रोल ओतलं. वरून बोट आलं, त्याने मूठ पिळली, इंजिन घुसमटलं आणि जाम झालं. पिस्टन गेला होता. नवा यायला आठ दिवस लागणार होते.

“आठ दिवस?” काकूंचा चेहरा उतरला. “अरे, सहा वाजल्यापासून वाट बघतात. कितीही गारठा असो, खिडकी सताड उघडी लागते. मग दिवसभर मी बडबडते त्याला माना डोलावतात, चार घास खातात. सकाळच बुडाली तर पुढचं सगळंच बुडेल.”

“चूक माझी आहे काकू. मीच निस्तरतो.”

गाडीचा आवाज त्याने मागे कधीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला होता. आपल्या मुलीकडून तिचा मोठा स्पीकर त्याने मागून आणला आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला गाडीखाली ठेवला. आवाज हुबेहूब होता. पण ज्याला त्या इंजिनाची नस न् नस ठाऊक, त्याला डब्यातला आवाज कळणार नाही? खिडकीत बराच वेळ कोणी आलं नाही.

मग काकू आल्या. एक बोट वर.

“पचलं रे,” नंतर खाली येऊन त्या कुजबुजल्या. “आधी नुसतं नाक ओढत होते, सर्दी झालीय बहुतेक. मी खिडकी लावायला गेले तर डोळे वटारले माझ्यावर. मी म्हटलं, ऐका की, तुमची लाडकी ओरडतेय. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग केलं बोट वर.”

मिस्त्रीला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. एवढा तयार कान, तोही म्हातारा झाला म्हणायचा. आठही दिवस बोट वर झालं, पण गुरूला फसवून मिळवलेली ती शाबासकी त्याच्या घशाखाली उतरेना.

नवव्या दिवशी नव्या पिस्टनवर खरी गाडी सुरू झाली. धूर खिडकीपर्यंत चढला. वरून काकूंची हाक आली, “अरे, वर ये. बोलावतायत तुला.”

उस्तादांचे डोळे लकाकत होते. त्यांनी पाटीवर ‘च’ काढला. “आज स्वारीला चहा हवाय,” म्हणत काकू हसत खाली गेल्या.

मिस्त्री पलंगाच्या पायाशी बसला. मान खाली घालून त्याने सगळं सांगून टाकलं. ऑइल घालायला विसरलो, पिस्टन घालवला, स्पीकर लावून तुम्हाला फसवलं. “माफ करा उस्ताद,” म्हणून त्याने वर पाहिलं, तर उस्ताद पाटीवर काहीतरी लिहीत होते. सावकाश, पुरं वाक्य. त्यांनी पाटी त्याच्याकडे वळवली.

‘आठ दिवस धूर कुठे होता?’

मिस्त्रीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. म्हणजे चोरी पहिल्याच दिवशी पकडली होती. “मग हे कशाला?” त्याने स्वतःचं बोट वर करून विचारलं.

उस्तादांनी दाराकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघरातूनही त्यांना काहीतरी सांगत होत्या. उस्तादांनी तळव्याने पाटी पुसली आणि बारीक अक्षरात, दाटीवाटीने लिहिलं.

‘ऐकू येणं पण झटक्याच्या दिवशीच गेलं. हिला सांगू नकोस. दिवसभर माझ्याशी बोलत असते.’