दांडीचं टोक

"पंधराशे झालं, ओता," भट्टीत डोकावून ज्ञानूमामा म्हणाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आज ते पहिल्यांदाच कामावर आले होते. वीस वर्षं ते लोखंडाच्या रसाचा रंग बघून डिग्री सांगत. मीटर नंतर नुसती मान डोलवायचा.

मीटर सांभाळणाऱ्या रेश्माने त्याची दांडी रसात बुडवली. चौदाशे वीस. एवढ्या थंड रसाने साचे नीट भरलेच नसते. तिच्या अब्बांनाही ऑपरेशननंतर पिवळा बल्ब पांढरा दिसायचा, तसंच मामांना रस होता त्याहून पांढरा, म्हणजे जास्त तापलेला दिसला होता. सगळी शिफ्ट बघत होती.

"दांडीचं टोक जळलंय, मामा. नवं लावते, जरा थांबू," ती म्हणाली आणि भट्टी पुरती तापेपर्यंत टोकाशी खटपट करत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून दांडी बुडवली की ती आकड्यावर हात धरायची. "मामा, किती?" मामा सांगायचे, मग ती हात काढायची. चूक रोज थोडी कमी व्हायची.

महिन्याभराने मामा म्हणाले, "चौदाशे ऐंशी." तिने हात काढला. चौदाशे ब्याऐंशी.

"दोनचा फरक," मामा हसले. "टोक पुन्हा जळलं असंल, पोरी."