शिळं पेट्रोल

टाकीचं झाकण उघडून दादांनी नाक जवळ नेलं आणि ते थबकले. वासच नव्हता. दरवर्षी थंडी सरली की या टाकीतून शिळ्या पेट्रोलचा असा भपकारा यायचा की डोकं धरावं. आज टॉर्च मारली तर तळ कोरडा ठणठणीत.

दादा शेडच्या फरशीवर बसले. शेजारी पान्यांची पेटी उघडी होती. जन्मभर लोकांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. गवत कापायचं हे मशीन म्हणजे त्यांच्या हातचा मळ. आज मात्र ते बिघडलेलं निघावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

काल बहिणीचा फोन आला होता. "दादा, एकदा मशीन बघून जा. चालू झालं तर माळ्याला देऊन टाकते. आता कोण कापणार गवत?" भावोजी याच थंडीत गेले होते. फोन ठेवला आणि दादांच्या मनात आलं, मशीन गेलं की आपलं त्या घरी जाणंही संपलं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. उगाच कुणाच्या दारात जायचं नाही, फुकटचं जेवायचं नाही, हा त्यांचा बाणा. बहिणीने एकदा बोलावलं तर यांच्या दहा सबबी. काम असलं तर मात्र पेटी उचलून निघायचे. आणि काम दरवर्षी असायचंच, कारण भावोजींइतका वेंधळा माणूस शोधून सापडला नसता.

"भावोजी, हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, हे किती वेळा सांगायचं?" दादा शेडच्या दारातूनच सुरू व्हायचे. "थंडीभर पडून राहिलं की पेट्रोलचा डिंक होतो. चोंदला बघा कार्बोरेटर."

"राहिलं बुवा," म्हणून भावोजी कान पकडायचे.

घरच्या जावयाला कुणी असं बोलत नाही. पण दादांच्या तोंडाचा पट्टा सुटला की तो नातंगोतं बघत नसे. भावोजी समोर उपड्या बादलीवर बसून निमूट ऐकायचे. मागितला तो पाना द्यायचे, तोही हमखास चुकीचा. पेट्रोलचा कॅन तेवढा घरापासून लांब, सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवलेला असायचा. एवढं एकच या माणसाला कसं जमतं, याचं दादांना कधी नवल वाटलं नाही.

कार्बोरेटर खोलून, धुऊन, परत बसवेपर्यंत दुपार व्हायची. मग जेवण. मग गप्पा, मग चहा, मग "आता कुठे अंधारात जाता, सकाळी निघा." निघताना दादा पुन्हा बजावायचे, भावोजी मान डोलवायचे आणि पुढच्या वर्षी ये रे माझ्या मागल्या. ते दिवस आठवले आणि दादांना भरून आलं. उपडी बादली तिथेच होती.

त्यांनी मशीन आडवं केलं. पातं खरवडून ग्रीस लावलेलं. इंजिनातलं तेल नवंकोरं. कार्बोरेटरची वाटीसुद्धा सोडून निथळून घेतलेली. प्लग काढून कागदात गुंडाळून हँडलला बांधलेला, आणि त्याच्या भोकात तेलात बुडवलेली चिंधी. दादांनी स्वतः केलं असतं तरी याहून नीट झालं नसतं.

त्यांनी प्लग बसवला, मशीन अंगणात नेलं, ताजं पेट्रोल घातलं आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. दादांनी ते लगेच बंद केलं.

बहीण चहा घेऊन बाहेर आली.

"कुठल्या मेकॅनिकला बोलावलं होतंस, चिमे?" दादा म्हणाले. साठी ओलांडली तरी ती त्यांची चिमीच होती. दुसऱ्या कुणी हात लावला, हे त्यांना लागलं होतं.

"कुणाला नाही. यांनीच केलं. डॉक्टरांनी रिपोर्ट सांगितला ना, त्या दिवशी घरी आले आणि थेट शेडमध्ये जाऊन बसले. स्वतःचा सदरा फाडला चिंधीसाठी."

"त्यांना येत होतं हे?"

चिमी हसली आणि तिचे डोळे भरले. "वेड पांघरून पेडगावला जाण्यात यांचा हात कोण धरणार? मी दरवर्षी म्हणायची, अहो, काढून टाका ते पेट्रोल, दादा ओरडेल. तर म्हणायचे, काढलं तर दादा येतील कशाला?"

दादांनी वळून शेडमधल्या उपड्या बादलीकडे पाहिलं. म्हणजे तो चुकीचा पानासुद्धा.

"मग या वेळी का काढलं?"

"म्हणाले, आता ऐकून घ्यायला मी नसणार. दादांनी ओरडायचं कुणावर?"

दादांनी चहा संपवला. नाक पुसलं. मग उठून मशीनला हात लावून पाहिलं, इंजिन गार होतं. त्यांनी कॅन उचलून टाकीत आणखी पेट्रोल घातलं आणि झाकण घट्ट फिरवलं.

"माळ्याबिळ्याला काही द्यायचं नाही. गवत तू कापायचं. चल, शिकवतो."

"बरं," चिमी पदर खोचत म्हणाली. "आणि थंडीआधी ते पेट्रोल कसं काढायचं, तेही दाखवून ठेव."

"ते तुला जमायचं नाही," दादा म्हणाले. "राहू दे टाकीतच. थंडी सरली की मी येईन ओरडायला."