हाकलण्याआधीच

तळ्यात शिरलेल्या परक्या माशांनी मूळच्या माशांची अंडी फस्त करायचा सपाटा लावला होता. परक्यांना भोंग्याच्या आवाजाने जाळ्याकडे हाकलायचं आणि ते कसे पळतात ते टिपायचं, हे संशोधक बाईंचं काम. पण रोज भोंगा वाजण्याआधीच ते आपणहून जाळ्यात येऊन बसत.

"ओढू का जाळं?" होडी वल्हवणाऱ्या नवऱ्याने विचारलं.

"न हाकलता आले, तर माझा प्रयोग कसला? सोड सगळ्यांना!"

बाई अगदी रडकुंडीला आल्या. एके दिवशी मात्र भोंगा वाजताच एक मासा जिवाच्या आकांताने पळत सुटला. बाईंचे डोळे भरून आले.

"अगं, तो परका नाही, इथलाच आहे," नवरा म्हणाला.

"असू दे. पळतोय ना? होडी त्याच्या मागे घे!"