हरणीची गव्हाण

गव्हाणीत कोंबडीच्या विष्ठेचा काळा लगदा बुडबुडत होता. हरणी म्हैस त्यात डोळ्यांपर्यंत तोंड घालून खात होती. हौसाक्कांनी नाकाला पदर लावला.

"बघा, कशी आवडीनं खाते," चिपवाला म्हणाला. महिन्यापूर्वी त्यानेच हरणीच्या शिंगामागे चिप बसवली होती. आज तो बाकीच्या तीन म्हशींसाठी आला होता.

"तिचं तोंड बघ की बाबा."

हरणी घास घेई, ओठ मागे ओढून जीभ बाहेर टाकी, डोकं झटकी. चिकट फेस गळे. आणि पुन्हा घाईने लगद्यात तोंड घाली.

चिपवाला ओशाळला. "मेंदूत ओढीची जागा वेगळी, आवडीची वेगळी, आक्का. या चिपनं ओढ तेवढी लावता येते. पण पोट भरतंय ना?"

हौसाक्कांनी ओल्या मक्याची पेंढी शेजारी टाकली. हरणीने एक पान तोंडात घेतलं. तिचे कान सैल पडले, डोळे अर्धे मिटले. मग पान ओठात तसंच लोंबत ठेवून ती लगद्याकडे वळली.

हौसाक्का चिपवाल्याकडे वळल्या. "काढ ती चिप."

"मग हे ती खायची नाही. उन्हाळ्यात वैरण कुठनं आणाल?"

"माझं मी बघीन. तू काढ."

त्याने चिप काढली. हरणीने एकदा लगदा हुंगला आणि दावं ताणून मागे सरली. हौसाक्कांनी गव्हाण तीनदा धुतली, मका घातला. त्या गव्हाणीला हरणीने पुन्हा तोंड लावलं नाही.